जेम्स हाँग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेम्स हाँग म्हणजे नेमके कोण? नाव ओळखीचं वाटत नाही.

नाव ओळखीचं नसेल, पण चेहरा किंवा आवाज नक्की असेल. 'कुंग फू पांडा' या अ‍ॅनिमेशनपटातला नूडल्स विकणारा हंस, म्हणजे पो नावाच्या नायक पांडाचे वडील मिस्टर पिंग. 'ब्लेड रनर'मध्ये गोठलेल्या खोलीत कृत्रिम डोळे बनवणारा कारागीर. 'साइनफेल्ड' या विनोदी टीव्ही मालिकेत टेबल काही केल्या न देणारा चायनीज रेस्टॉरंटमधला माणूस. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स'मधले चाकाच्या खुर्चीतले आजोबा. हे सगळे एकच गृहस्थ. त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२९ रोजी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनीॲपोलिस शहरात झाला. १९५४ सालच्या 'ड्रॅगनफ्लाय स्क्वाड्रन'पासून ते पडद्यावर आहेत.

ते चीनमधून आले होते का?

नाही. जन्म अमेरिकेतला. लहानपणची काही वर्षं वडिलांनी कुटुंब हाँगकाँगला नेलं होतं आणि सुरुवातीचं शिक्षण तिथे झालं, त्यामुळे कँटोनीज भाषा त्यांना येते. पुढे परत मिनीॲपोलिस.

'कॅरेक्टर अ‍ॅक्टर' म्हणजे एक्स्ट्राच ना?

अजिबात नाही. आपल्याकडे 'चरित्र अभिनेता' म्हटलं की नायकाचा बाप, काका, दिवाणजी अशी पोक्त मंडळी डोळ्यांसमोर येतात, त्यामुळेही घोळ होतो. हॉलिवूडमध्ये या शब्दाचा वयाशी संबंध नाही. गोष्ट ज्याच्याभोवती फिरत नाही, पण जो आल्याशिवाय प्रसंग उभा राहत नाही, असं पात्र करणारा तो कॅरेक्टर अ‍ॅक्टर.

करारात मात्र अशी मोघम भाषा चालत नाही. तिथे पायऱ्या ठरलेल्या असतात. गर्दीत उभा राहणारा तो बॅकग्राउंड. कॅमेऱ्यासमोर संवाद मिळाला की माणूस 'प्रिन्सिपल' होतो आणि त्याचा दर बदलतो. सिनेमात दिवसाच्या बोलीवर घेतलेला तो डे प्लेअर, आठवड्याच्या बोलीवरचा वीकली. टीव्हीवर दोन-चार वाक्यं असतील तर को-स्टार, त्या भागाचं कथानक ज्याच्यावर उभं आहे तो गेस्ट स्टार, अधूनमधून परत येणारा रिकरिंग आणि मालिकेशी बांधलेला तो सीरीज रेग्युलर. हाँग यांचं बहुतेक काम को-स्टार आणि गेस्ट स्टार या दोन पायऱ्यांवरचं आहे. मालिकेशी बांधलेली कामं मोजकीच.

त्यांच्या एकूण भूमिका किती? कुठे चारशे लिहिलेलं असतं, कुठे सहाशे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण मोजणी वेगवेगळी असते. आयएमडीबी या चित्रपट-मालिकांच्या ऑनलाइन सूचीत अभिनयाच्या नोंदी चारशेच्या पुढे जातात, तर बातम्यांत आणि सन्मानपत्रांत 'सहाशेहून अधिक' असं येतं. फरक कुठून पडतो ते बघा.

आयएमडीबी शीर्षकं मोजतं. मालिकेच्या एका भागात काम केलं काय किंवा वीस भागांत, नोंद एकच. १९७२ ते ७५ दरम्यानच्या 'कुंग फू' मालिकेत हाँग वेगवेगळ्या पात्रांच्या रूपात पुन्हा पुन्हा आले, पण यादीत ती ओळ एकच दिसते. भाग मोजायला घेतले की आकडा लगेच फुगतो. दुसरी गोष्ट म्हणजे श्रेयनामावलीत नाव न आलेली कामं. १९५० च्या दशकात शेवटी पाट्या मोजक्या असत आणि किरकोळ पात्रांची नावं सरळ गाळली जात. अशी कामं नंतर कुणी चित्रपट बघून, चेहरा ओळखून यादीत घालतं. डबिंगमध्ये तर चेहराही नसतो. त्यात अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ गेममधला आवाज कोण धरतं, कोण धरत नाही.

स्वतः मोजायचं असेल तर चार रकाने करा: चित्रपट, मालिकांचे भाग, आवाजाची कामं आणि नाव न आलेली कामं. मुलाखती, पुरस्कारसोहळे आणि 'स्वतः' म्हणून केलेली हजेरी बाहेर ठेवा, याद्यांमध्ये या नोंदी फार सरमिसळ करतात. चारही रकान्यांची बेरीज एकत्र छापू नका. आकड्याआधी काय मोजलं ते लिहिलं नसेल, तर असा आकडा दुसऱ्या अभिनेत्याच्या आकड्याशेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही.

ते खरंच इंजिनिअर होते?

होय, सिव्हिल इंजिनिअर. मिनेसोटा विद्यापीठात सुरुवात केली आणि १९५३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून पदवी घेतली. लॉस एंजेलिस काउंटीच्या रस्ते विभागात सुमारे दीड वर्ष नोकरीही केली. सुरुवातीचे चित्रपट त्यांनी या नोकरीतल्या रजा वापरून केले. शूटिंगच्या कामाचं गणितच असं आहे की ते जमायचं: छोट्या पात्राचं काम एक ते तीन दिवसांत उरकतं, पण बोलावणं आदल्या दिवशी येतं. अशा माणसाची किरकोळ रजा वर्षअखेरीपर्यंत टिकत नाही, आणि एक दिवस नोकरी किंवा सिनेमा यांतलं एक सोडावंच लागतं.

सुरुवात कशी झाली?

नकलांपासून. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरती झाली तेव्हा अलाबामातल्या कॅम्प रकरमध्ये ते सैनिकांसाठी करमणुकीचे कार्यक्रम बसवत होते. पुढे एका जोडीदाराबरोबर विनोदी कार्यक्रम करू लागले. १९५४ मध्ये प्रसिद्ध विनोदी नट ग्राउचो मार्क्सच्या 'यू बेट युअर लाइफ' या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत त्यांनी नकला केल्या, त्यात खुद्द ग्राउचोची नक्कलही होती. प्रेक्षकांच्या पत्रांचा ढीग आला आणि एजंट मिळाला. एजंट मिळणं ही तिथे खरी पायरी. नटांच्या युनियनच्या नियमांत बसणारा एजंट मानधनाच्या १० टक्क्यांपर्यंत कमिशन घेतो. 'आधी पैसे भरा, मग काम देतो' म्हणणारा एजंट नसतो. हे आपल्याकडच्या हौशी मुलांनीही लक्षात ठेवायला हरकत नाही.

१९५५ मध्ये क्लार्क गेबलचा 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून' आणि जॉन वेनचा 'ब्लड अ‍ॅली' या दोन्हींत ते दिसतात.

'चार्ली चॅन' मालिकेचं प्रकरण काय?

'द न्यू अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ चार्ली चॅन' (१९५७-५८, ३९ भाग) ही त्यांची पहिली मोठी नियमित भूमिका. पात्र बॅरी चॅनचं, म्हणजे गुप्तहेर चार्ली चॅनच्या 'नंबर वन सन'चं, थोरल्या मुलाचं. मुलगा चिनी वंशाचा अभिनेता, पण बाप? चार्ली चॅनचं काम जे. कॅरल नेश करत होते, ते आयरिश वंशाचे. सिनेमात याआधी हीच भूमिका स्वीडनमध्ये जन्मलेले वॉर्नर ओलंड आणि त्यांच्यानंतर सिडनी टोलर यांनी केली होती. गोऱ्या नटाच्या डोळ्यांच्या कडा टेप लावून ओढायच्या, आणि त्याच्या शेजारी खरा आशियाई नट दुय्यम म्हणून उभा करायचा, ही तेव्हाची रीत. हाँग यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे की सेटवर एका चुकलेल्या संवादावरून नेश भडकले आणि त्यांना मालिका सोडावी लागली.

ही रीत फक्त अपमानास्पद होती असं नाही, तिचा धंद्यावर थेट परिणाम होता. मुख्य आशियाई भूमिका गोऱ्या नटांकडे गेल्यावर उरत काय होतं? नोकर, वेटर, लाँड्रीवाला, शत्रूचा सैनिक, अफूचा व्यापारी. म्हणजे दिवसाच्या बोलीची कामं. हाँग यांच्या यादीतला तो प्रचंड आकडा वाचताना ही बाजू विसरू नये. ज्याला वर्षाला दोन मोठ्या भूमिका मिळतात त्याला वीस छोट्या कराव्या लागत नाहीत.

मग त्यांचे चिनी उच्चार खरे की नाटकी?

नाटकी, म्हणजे केलेले. त्यांचं स्वतःचं इंग्रजी अमेरिकन आहे. पडद्यावरचा प्रत्येक 'परदेशी' उच्चार त्यांनी बसवलेला आहे आणि तो सगळीकडे एकसारखा नाही, हे कान देऊन ऐकलं तर कळतं. 'चायनाटाउन' (१९७४) मधला कान हा श्रीमंत घरातला बटलर. त्याचं इंग्रजी तुटक पण शिस्तीचं, आवाज खाली. 'साइनफेल्ड'मधला माणूस घाईत शब्द गिळतो. मिस्टर पिंगचा आवाज उंच आणि पंख फडफडवल्यासारखा. 'चायनाटाउन'च्या पुढच्या भागात, १९९० सालच्या 'द टू जेक्स'मध्ये, तोच कान त्यांनी पुन्हा केला. सोळा वर्षांनी तोच आवाज तसाच परत लावणं सोपं नव्हे. हे दोन चित्रपट लागोपाठ बघा.

'गॉडझिला'मध्ये त्यांचा आवाज आहे म्हणतात. कुठे?

१९५४ च्या जपानी चित्रपटाची अमेरिकन आवृत्ती १९५६ मध्ये 'गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!' या नावाने आली, अमेरिकन नट रेमंड बर यांचे नवे प्रसंग जोडून. त्यातल्या ओगाता, डॉक्टर सेरिझावा आणि आणखी काही पुरुष पात्रांचे इंग्रजी आवाज हाँग यांचे आहेत. एकच माणूस अनेक आवाज काढतो आहे, हे एकदा कळलं की दोन पात्रं आपसात बोलताना गंमत वाटते.

डबिंग आणि अ‍ॅनिमेशन यांना लोक एकाच माळेत ओवतात, पण कामाचा क्रम नेमका उलटा आहे. डबिंगमध्ये चित्र आधी तयार असतं. ओठ कधी उघडतात, कधी मिटतात ते ठरलेलं. नटाने त्या मापात वाक्य बसवायचं. बिघडतं ते बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी. भाषांतर लांब झालं की नट घाई करतो, आखूड झालं की शब्द ताणतो, आणि भाव हरवतो. अ‍ॅनिमेशनमध्ये आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्रकार त्या आवाजावर पात्र हलवतात. नटाने मध्येच श्वास घेतला, अडखळला, हसू दाबलं, तर ते पात्राच्या अंगात उतरतं. 'मुलान' (१९९८) मधला कुरकुऱ्या दरबारी ची-फू आणि २००८ पासूनचा मिस्टर पिंग ही दुसऱ्या प्रकारची कामं. पिंगच्या आवाजासाठी त्यांना अ‍ॅनिमेशनसाठी दिला जाणारा अ‍ॅनी पुरस्कार मिळाला, तो 'कुंग फू पांडा'च्या सणासुदीच्या खास टीव्ही भागासाठी.

एक सूचना: 'कुंग फू पांडा' हिंदीतून बघितला असेल तर तुम्ही हाँग यांना ऐकलेलंच नाही. ऑडिओ बदलून मूळ इंग्रजी लावा.

'साइनफेल्ड'च्या त्या एका भागाचं एवढं कौतुक का?

'द चायनीज रेस्टॉरंट' हा भाग २३ मे १९९१ रोजी दाखवला गेला. अख्खा भाग एकाच जागी घडतो: तिघं मित्र टेबलाची वाट बघत उभे आहेत, बस्स. गोष्टीत घटना अशी नाहीच. त्यामुळे दारातला तो माणूस नीट जमला नाही तर सगळा डोलारा कोसळणार.

हाँग यांनी तिथे काय केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. प्रत्येक वेळी उत्तर तेच, 'पाच, दहा मिनिटं'. दुसरा कुणी नट असता तर त्याने दर वेळी वेगळ्या तऱ्हेने म्हणून हशा मागितला असता. हाँग तो मोह टाळतात. त्या माणसाला हे तिघं विशेष वाटतच नाहीत, तो त्याचं काम करतोय, वही बघतोय, नावं पुकारतोय. जॉर्जच्या मैत्रिणीचा फोन येतो तेव्हा तो 'कॉस्टँझा'ऐवजी 'कार्टराइट' अशी हाक मारतो, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने. पात्राला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नसणं, हीच ती युक्ती. शेवटी तिघं कंटाळून बाहेर पडतात आणि लगेच त्यांचं नाव पुकारलं जातं, तेव्हाही त्याच्या सुरात फरक नाही.

ऑडिशनची तयारी करणाऱ्याने हा भाग तीन वेळा बघावा. एकदा सहज, एकदा फक्त हाँग यांच्या हातांकडे लक्ष ठेवून आणि एकदा आवाज बंद करून.

'ब्लेड रनर'मधली वाफ खरी आहे का?

खरी. डोळे बनवणाऱ्या कारागिराचा, हॅनिबल च्यूचा, तो प्रसंग खऱ्या शीतगृहात चित्रित झाला, त्यामुळे तोंडातून निघणारी वाफ आणि अंगाची थरथर यांत फार अभिनय करावा लागला नसेल. च्यूची भूमिका काही मिनिटांची आहे, पण १९८२ पासून आजवर लोक त्यांना त्यावरून ओळखतात.

लो पॅन: म्हातारा आणि तरुण, दोन्ही तेच?

दोन्ही तेच. जॉन कारपेंटरचा 'बिग ट्रबल इन लिटल चायना' (१९८६). लो पॅन हा शापित जादूगार. एका रूपात तो चाकाच्या खुर्चीत आक्रसलेला म्हातारा, दुसऱ्या रूपात भरजरी झग्यातलं उंच भूत. म्हाताऱ्यासाठी रबराचे तुकडे चेहऱ्यावर डकवावे लागले. अशा मेकअपची अडचण ही की चेहऱ्याच्या बारीक हालचाली रबराखाली दबून जातात. म्हणून नटाला डोळे, जीभ, श्वास आणि आवाज यांवर काम काढावं लागतं. हाँग यांचा म्हातारा लो पॅन बघा: खोकला, मध्येच चिडणं, वाक्याच्या शेवटी चढणारा आवाज. सगळा भार तिथेच आहे.

चित्रपट तेव्हा आपटला. २ जुलैला लागला, १८ जुलैला 'एलियन्स' आला आणि गर्दी तिकडे गेली. पुढे व्हिडिओ कॅसेटवर तो पुन्हा उभा राहिला.

सत्तावन्नाव्या वर्षी रबर लावून जे म्हातारपण त्यांना उभं करावं लागलं, तेच २०२२ च्या 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर'मध्ये गाँग गाँग म्हणून खुर्चीत बसताना अंगचं होतं. दोन्ही खुर्च्या शेजारी ठेवून बघा. कँटोनीजमध्ये गाँग गाँग म्हणजे आईचे वडील, आजोबा.

त्यांनी नाट्यसंस्था काढली होती ना?

ईस्ट वेस्ट प्लेअर्स, लॉस एंजेलिस, १९६५. नऊ संस्थापक, त्यांत हाँग, माको, बिउला क्वो, सून-टेक ओ ही नावं आहेत. पहिलं नाटक 'राशोमोन', तेही एका चर्चच्या तळघरात. 'आम्हाला चांगल्या भूमिका द्या' म्हणून स्टुडिओच्या दारात उभं राहण्याऐवजी आपणच रंगमंच उभारायचा आणि आशियाई नट कोणती कामं करू शकतात ते दाखवायचं, असा सरळ हिशोब होता. माको यांना पुढच्याच वर्षीच्या 'द सँड पेबल्स'साठी ऑस्करचं नामांकन मिळालं. हाँगही त्या चित्रपटात आहेत. संस्था अजून चालू आहे, १९९८ पासून लिटल टोकियो भागातल्या २४० आसनांच्या नाट्यगृहात.

इतकी छोटी कामं करून घर चालतं का?

दिवसाच्या मानधनावर एकट्याने चालवणं अवघड. २०२२-२३ मध्ये युनियनच्या करारानुसार डे प्लेअरचा किमान दर १,०८२ डॉलर होता. आकडा मोठा दिसतो, पण त्यातून एजंटचे १० टक्के आणि कर वजा करा, आणि मग विचारा की असे दिवस वर्षात किती.

आधार असतो तो रेसिड्युअलचा, म्हणजे काम पुन्हा दाखवलं गेलं की मिळणाऱ्या रकमेचा. इथे एक मेख आहे. १९६० मध्ये स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डने, म्हणजे नटांच्या युनियनने, संप केला (तेव्हा गिल्डचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन होते) आणि त्या वर्षापासून बनणारे चित्रपट टीव्हीला विकले गेले तर नटांना वाटा मिळू लागला. त्याआधीच्या चित्रपटांवरचा हक्क सोडून देण्यात आला. बदल्यात स्टुडिओंनी पेन्शन आणि आरोग्य निधीसाठी एकरकमी पैसे दिले. म्हणजे १९५४ ते ५९ मधले चित्रपट कितीही वेळा टीव्हीवर लागोत, त्यांतल्या नटाला त्यापोटी वाटा नाही. लांब कारकीर्द असलेल्या प्रत्येक जुन्या नटाच्या हिशोबात ही फट आहे. उलट, एखाद्या गाजलेल्या मालिकेचा एकच भाग वर्षानुवर्षं थोडे थोडे पैसे देत राहतो. कधी ती रक्कम पाकिटावरच्या तिकिटाएवढीही नसते.

हॉलिवूडच्या फुटपाथवरचा ('वॉक ऑफ फेम') नावाचा तारा त्यांना इतक्या उशिरा का मिळाला?

तारा 'मिळतो' हा गैरसमज आहे. आधी कुणीतरी नाव सुचवावं लागतं, समितीने ते स्वीकारावं लागतं, ज्याचा तारा त्याने समारंभाला हजर राहण्याचं मान्य करावं लागतं, आणि शुल्क भरावं लागतं. मोठ्या स्टारचं शुल्क बहुधा स्टुडिओ भरतो, कारण समारंभ नव्या चित्रपटाच्या प्रसिद्धीला जोडून घेता येतो. छोट्या भूमिका करणाऱ्याच्या मागे असा स्टुडिओ नसतो. २०२० मध्ये अभिनेते डॅनियल डे किम यांनी हाँग यांच्यासाठी ऑनलाइन वर्गणी काढली आणि लागणारे ५५,००० डॉलर काही दिवसांतच जमले. तारा बसला १० मे २०२२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी.

ऑस्कर?

वैयक्तिक नामांकन कधीच नाही. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर'ला २०२३ मध्ये ७ ऑस्कर मिळाले, त्यांत अभिनयाचे तीन होते, पण हाँग त्यांत नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डचा सामूहिक अभिनयाचा पुरस्कार मात्र त्या संचाला मिळाला आणि मंचावर ९४ वर्षांचे हाँग बोलले. डोळ्यांना टेप लावणाऱ्या नटांचा विषय त्यांनी तिथेच काढला.

दिग्दर्शन केलं आहे का?

केलं आहे, पण थोडंच. 'द विनयार्ड' (१९८९) या भयपटाचं सहदिग्दर्शन आणि त्यातली मुख्य भूमिका त्यांची. अभ्यासूंसाठी ठीक.

बघायला सुरुवात कुठून करू?

एका आठवड्यात जमेल असा क्रम: पहिल्या दिवशी 'साइनफेल्ड'चा तो भाग, वेळ अर्धा तासही नाही. मग 'बिग ट्रबल', मग 'ब्लेड रनर', मग 'चायनाटाउन', आणि शेवटी 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर'. मध्ये कधीही 'फ्रेंड्स'मधला होशी किंवा 'बिग बँग थिअरी'च्या २००७ सालच्या 'द डम्पलिंग पॅराडॉक्स' या भागातला रेस्टॉरंटमालक चेन डोकावून या. 'चायनाटाउन'मध्ये कान कमी दिसतो, म्हणून मोबाइल हातात घेऊन बघू नका, तो निसटेल.

मुलांबरोबर यातलं काय बघता येईल?

'कुंग फू पांडा'चे चारही भाग (२००८, २०११, २०१६, २०२४) आणि 'मुलान'. 'चायनाटाउन' आणि 'ब्लेड रनर' मुलांचे नाहीत. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर'मध्ये पोस्टरवरून वाटतं त्यापेक्षा बरंच काही प्रौढांसाठीचं आहे, तेव्हा आधी एकदा आपण बघावा.